साडेबारा हजार किलोमीटर, पण किती तास?

मुंबईहून न्यूयॉर्कला थेट जाणाऱ्या विमानाचं तिकीट पहिल्यांदा हाती पडलं, की बहुतेकांची नजर त्यावरच्या दोन वेळांपाशी अडकते. विमान सुटणार रात्री दोनच्या सुमारास आणि पोहोचणार सकाळी साडेसातच्या आसपास. तारीखही तीच. मुंबईहून रातराणीनं कोल्हापूर गाठायला याहून जास्त वेळ लागतो. हिशेब अर्थातच घड्याळांचा आहे. हिवाळ्यात न्यूयॉर्कचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असतं. ते तास मिळवले, की खरा प्रवास सोळा तासांचा निघतो. उन्हाळ्यात तिथली घड्याळं तासभर पुढे सरकवतात, तेव्हा फरक साडेनऊ तासांवर येतो.

हे कोडं एका बेरजेनं सुटलं. दुसरं कोडं मात्र इतक्या सहज सुटत नाही. या दोन विमानतळांमधलं सर्वांत कमी अंतर सुमारे १२,५५० किलोमीटर आहे आणि ते कुणाला बदलता येत नाही. लांब पल्ल्याच्या जेट विमानाचा वेग ताशी नऊशे किलोमीटरच्या आसपास असतो. भागाकार केला तर चौदा तास यायला हवेत. मग जाताना पंधरा-सोळा तास का लागतात? परत येताना तेच विमान तास-दीड तास लवकर कसं पोहोचतं? आणि कुठल्या तरी तिसऱ्याच देशात काही घडलं, की या प्रवासाची वेळ का लांबते?

सुरुवात अंतरापासून करू. भिंतीवरच्या जगाच्या नकाशावर मुंबई आणि न्यूयॉर्क यांच्यामध्ये पट्टी ठेवून रेघ ओढली, तर ती सौदी अरेबिया, दक्षिण इजिप्त, लिबिया, अल्जीरिया ओलांडत मोरोक्कोतल्या माराकेशजवळून जाते आणि तिथून अटलांटिक महासागर पार करते. नकाशाकडे पाहून कुणीही हाच सरळ रस्ता म्हणेल. या वाटेनं प्रत्यक्षात सुमारे १४,२०० किलोमीटर उडावं लागेल. म्हणजे सोळाशे किलोमीटरहून अधिक जादा.

आता एक पृथ्वीगोल घ्या आणि त्याच दोन शहरांवर दोऱ्याची टोकं धरून दोरा घट्ट ताणा. दोरा पश्चिमेला जातच नाही. तो मुंबईहून उत्तरेकडे, किंचित डावीकडे कलून निघतो. सौराष्ट्र, कच्छ, सिंध, बलुचिस्तान, अफगाणिस्तानचा पश्चिम भाग, मग तुर्कमेनिस्तान आणि कझाकस्तानची विराण पठारं. पुढे रशियात शिरून तो मॉस्कोच्या जवळपास डोक्यावरून जातो, हेलसिंकीच्या बाजूनं फिनलंड ओलांडतो, स्वीडन पार करून नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइमजवळ किनारा सोडतो. त्यानंतर आइसलंड, तेही थेट राजधानी रेक्याविकच्या शेजारून. ग्रीनलंडचं दक्षिण टोक चाटून तो कॅनडातल्या लॅब्राडॉरवर उतरतो आणि उत्तरेकडून न्यूयॉर्कला पोहोचतो. या वाटेवरचा सर्वांत उत्तरेकडचा बिंदू जवळजवळ ६५ अंश उत्तर अक्षांशावर येतो. आर्क्टिक वृत्त तिथून दोन अंशांवरच आहे. एकोणीस अंशांवरच्या मुंबईतून एकेचाळीस अंशांवरच्या न्यूयॉर्कला जायला जवळचा रस्ता पासष्ट अंशांवरून जातो, हे पृथ्वीगोल हाती घेतल्याशिवाय पटत नाही.

या वाटेला भूगोलात बृहद्‌वृत्त म्हणतात. ज्या वर्तुळाचं केंद्र आणि पृथ्वीचं केंद्र एकच असतं, ते बृहद्‌वृत्त. विषुववृत्त त्यातलंच एक, आणि समोरासमोरच्या दोन रेखावृत्तांची जोडी हेही त्यातलंच. गोलावरच्या कुठल्याही दोन ठिकाणांमधून असं वर्तुळ काढता येतं आणि त्याचा लहान कंस हाच त्या दोन ठिकाणांमधला सर्वांत जवळचा रस्ता असतो. नकाशावर तो धनुष्यासारखा वाकडा दिसतो, कारण वाकलेला पृष्ठभाग कागदावर सपाट करताना काहीतरी बिघडणारच. गेरार्डस मर्केटरनं १५६९ साली काढलेला जगाचा नकाशा दर्यावर्दींसाठी होता. होकायंत्रावर एकच दिशा धरून जहाज हाकायचं असेल, तर ती वाट त्या नकाशावर सरळ रेघ म्हणून दिसते. ही सोय मिळवण्यासाठी त्यानं ध्रुवांकडचे प्रदेश ताणले. म्हणूनच त्या पद्धतीच्या नकाशावर ग्रीनलंड आफ्रिकेएवढं भासतं. खरं तर आफ्रिका त्याच्या सुमारे चौदा पट आहे.

आपल्याकडे या विषयाची समज जुनी आहे. भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या ‘सिद्धान्तशिरोमणि’ या ग्रंथातला ‘गोलाध्याय’ हा भाग गोल पृथ्वी आणि गोल आकाश यांच्या गणितासाठीच आहे. पृथ्वी गोल असूनही सपाट का दिसते, याचं उत्तर त्यात आहे: परिघाचा शंभरावा भाग घेतला तर तो सपाटच वाटतो, आणि माणसाच्या नजरेत तर त्याहूनही लहान तुकडा येतो. चाळीसगावजवळच्या पाटणे इथं त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवानं मठ स्थापन केल्याचा शिलालेख आहे. ज्या मातीत हे गणित शिकवलं गेलं, तिथल्या शाळांमध्ये आज भिंतीवर नकाशा असतो आणि पृथ्वीगोल बहुधा कपाटात कुलूपबंद असतो. तो मुलांच्या हातात द्यायला हवा. एक दोरा आणि एक गोल, एवढ्यानं जे समजतं ते नकाशावर तासभर बोलूनही समजत नाही.

अंतराच्या आकड्यात थोडा बारकावाही आहे. पृथ्वी अगदी गोल नाही. विषुववृत्ताशी तिची त्रिज्या ६,३७८ किलोमीटर, तर ध्रुवांशी ६,३५७ किलोमीटर. पूर्ण गोल धरून मुंबई–न्यूयॉर्क अंतर काढलं आणि मग ध्रुवांकडचा चपटेपणा लक्षात घेऊन काढलं, तर उत्तरात वीसेक किलोमीटरचा फरक पडतो. विमानाला तेवढं अंतर कापायला दीड मिनिटही लागत नाही. वैमानिक किलोमीटरमध्ये बोलतही नाहीत, ते नॉटिकल मैलांत बोलतात. १.८५२ किलोमीटरचा हा मैल अक्षांशाच्या एका मिनिटाएवढा, म्हणजे एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा असतो. त्या मापानं आपला प्रवास सुमारे ६,७८० मैलांचा आहे.

आता वेग. बोइंग ७७७ सारखं विमान लांबच्या प्रवासात ध्वनीच्या वेगाच्या ८४ टक्के वेगानं उडतं. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर तापमान उणे ५५ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. तिथल्या थंड हवेत ध्वनी ताशी सुमारे १,०६० किलोमीटर वेगानं जातो, म्हणून विमानाचा वेग येतो ताशी ८९० किलोमीटर. पण हा वेग हवेच्या तुलनेत मोजलेला आहे. हवा स्वतःच वाहत असेल, तर जमिनीवरून पाहणाऱ्याला दिसणारा वेग वेगळा असतो. पंखांनी विमान उचलून धरावं, यासाठी पहिला वेग लागतो. प्रवाशाला घरी पोहोचवतो दुसरा.

आणि ती हवा जोरात वाहत असते. मध्य अक्षांशांच्या वर, विमानं ज्या उंचीवर उडतात साधारण त्याच उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे धावणारे वाऱ्यांचे अरुंद पट्टे पृथ्वीभोवती नागमोडी फिरत असतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. विषुववृत्ताकडची उबदार हवा आणि ध्रुवाकडची थंड हवा जिथं समोरासमोर येते, तिथं दाबातल्या फरकामुळे वारा सुटतो आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे तो पूर्वेकडे वळतो. तापमानातला हा फरक हिवाळ्यात सर्वांत जास्त असतो, म्हणून वाराही तेव्हाच सर्वांत जोरकस. ताशी शंभर-दीडशे किलोमीटर ही साधी गोष्ट, अडीचशेही दुर्मीळ नाही.

हा वारा पहिल्यांदा शिस्तीनं मोजला तो वासाबुरो ओइशी या जपानी हवामानशास्त्रज्ञानं. १९२०च्या दशकात टोकियोच्या ईशान्येला असलेल्या तातेनो इथल्या वेधशाळेतून तो फुगे सोडत असे आणि दुर्बिणीतून त्यांचा माग काढत असे. हिवाळ्यात फुगे वर गेले की पूर्वेकडे भन्नाट वेगानं पळतात, हे त्याच्या लक्षात आलं. जगभरच्या लोकांना वाचता यावं म्हणून त्यानं आपला अहवाल १९२६ साली एस्पेरांतो या कृत्रिम आंतरराष्ट्रीय भाषेत छापला. हेतू इतका उदार होता, पण एस्पेरांतो वाचणारे हवामानशास्त्रज्ञ होते किती? ते संशोधन जपानबाहेर फारसं कुणी वाचलंच नाही. १९४४च्या अखेरीस अमेरिकेची बी-२९ बॉम्बफेकी विमानं उंचावरून जपानवर गेली, तेव्हा त्यांच्या वैमानिकांना हा वारा स्वतः अनुभवून कळला. चांगल्या कामाच्या वाट्याला आलेलं हे दुर्लक्ष मला विज्ञानाच्या इतिहासातल्या मोठ्या हानींपैकी एक वाटतं.

या वाऱ्याचा जोर कळण्यासाठी एकच उदाहरण पुरे. फेब्रुवारी २०२० मध्ये अटलांटिकवर मोठं वादळ असताना ब्रिटिश एअरवेजचं बोइंग ७४७ विमान न्यूयॉर्कहून लंडनला चार तास छप्पन्न मिनिटांत पोहोचलं. एरवी याला सहा-साडेसहा तास लागतात. वाटेत जमिनीच्या तुलनेत त्याचा वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या वर गेला होता. तरीही त्यानं ध्वनीचा वेग ओलांडला नाही, कारण भोवतालच्या हवेच्या तुलनेत ते नेहमीच्याच वेगानं चाललं होतं. हवाच त्याला घेऊन निघाली होती.

आता आपल्या मार्गाकडे या. संपूर्ण वाटेवर सरासरी ताशी साठ किलोमीटरचा वारा धरा. न्यूयॉर्ककडे जाताना तो तोंडावर येतो, तेव्हा नऊशेचे आठशे चाळीस होतात आणि प्रवास जवळजवळ पंधरा तासांचा होतो. परतताना पाठीवर येतो, तेव्हा नऊशे साठच्या वेगानं तेरा तासांच्या थोडं वर. दोन दिशांमध्ये पावणेदोन तासांहून अधिक फरक पडला तो एवढ्यानंच. यात एक गंमत आहे. जाताना गमावलेला वेळ येताना पूर्ण भरून निघत नाही. विरुद्ध वाऱ्यात विमान जास्त वेळ असतं आणि अनुकूल वाऱ्यात कमी वेळ, त्यामुळे दोन्ही फेऱ्यांची बेरीज वारा नसतानाच्या बेरजेपेक्षा नेहमी थोडी जास्तच येते. कागद-पेन्सिल घेऊन करून पाहावं असं हे गणित आहे.

म्हणून जवळचा रस्ता नेहमी लवकरचा रस्ता नसतो. याचा सर्वांत सुंदर दाखला एअर इंडियाच्या दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमानानं घालून दिला. डिसेंबर २०१५ मध्ये सुरू झालेली ही सेवा आधी पश्चिमेकडून, युरोप आणि अटलांटिकवरून जात असे. त्या वाटेवर अंतर सुमारे १३,९०० किलोमीटर. ऑक्टोबर २०१६ मध्ये वैमानिकांनी तोंड फिरवलं आणि पूर्वेकडे, प्रशांत महासागरावरून सॅन फ्रान्सिस्को गाठलं. अंतर वाढून सुमारे १५,३०० किलोमीटर झालं, पण वारा पाठीशी असल्यानं विमान साडेचौदा तासांत उतरलं. चौदाशे किलोमीटर जास्त उडून जवळजवळ दोन तास वाचले! पृथ्वी फिरते त्याच दिशेनं गेल्यामुळे हे झालं असं तेव्हा काही जण म्हणाले. ते बरोबर नाही. पृथ्वीबरोबर तिची हवाही फिरते, विमानतळही फिरतो. फायदा झाला तो वाऱ्याचा.

विमान सुटण्याच्या काही तास आधी डिस्पॅचर म्हणजे उड्डाणाचा आराखडा बनवणारा अधिकारी याच प्रश्नाशी झगडत असतो: आज रात्री कुठली वाट सर्वांत स्वस्त? वेगवेगळ्या उंचीवरच्या वाऱ्याचे अंदाज संगणकात भरले जातात आणि वाटांची तुलना होते. उत्तर अटलांटिकवर तर वाऱ्याप्रमाणे समांतर हवाई मार्गांचा एक संचच रोज नव्यानं आखला जातो. पूर्वेकडे जाणाऱ्या विमानांना तो वाऱ्याच्या कुशीत नेतो, पश्चिमेकडे जाणाऱ्यांना वाऱ्यापासून दूर ठेवतो. त्यामुळे मुंबईहून निघालेलं विमान एका रात्री आइसलंडजवळून जातं आणि दुसऱ्या रात्री आयर्लंडजवळून.

पण वाऱ्यालाही न जुमानणारी एक गोष्ट या आकाशात आहे, ती म्हणजे सरहद्द. १९४४ साली शिकागोत झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्याच कलमानं प्रत्येक देशाला आपल्या भूमीवरच्या आकाशाचा पूर्ण आणि अनन्य अधिकार दिला. कुणाच्या आकाशातून जायचं तर परवानगी हवी आणि शुल्कही भरायला हवं. परवानगी काढून घेतली की बृहद्‌वृत्त भूमितीच्या पुस्तकातच राहतं. आपला ताणलेला दोरा आठवा: सिंध, अफगाणिस्तान, रशिया. फेब्रुवारी २०१९ मध्ये भारतानं बालाकोटवर केलेल्या हवाई हल्ल्यानंतर पाकिस्ताननं आपलं आकाश जवळजवळ पाच महिने बहुतांशी बंद ठेवलं. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेन युद्ध सुरू झालं. युक्रेनचं आकाश नागरी विमानांसाठी बंद झालं आणि युरोप-अमेरिकेच्या विमान कंपन्यांना रशियाचं आकाशही मिटलं. भारतीय कंपन्यांना ती बंदी नव्हती. परिणामी त्याच दोन शहरांमध्ये उडणाऱ्या दोन देशांच्या विमानांसाठी अंतर वेगवेगळं झालं.

एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हत्याकांडानंतर पाकिस्ताननं भारतीय विमानांना आपलं आकाश पुन्हा बंद केलं आणि ही बंदी महिन्यामहिन्यानं वाढत गेली. दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्यांना याचा फटका सर्वांत जास्त बसला, कारण दिल्लीला बाजूनं निसटायला समुद्र नाही. त्या काळात दिल्लीहून उत्तर अमेरिकेला जाणारी एअर इंडियाची काही विमानं इंधनासाठी व्हिएन्नात उतरत होती. मुंबईच्या दाराशीच अरबी समुद्र आहे. तिथून निघालेलं विमान निदान पाण्यावरून वळसा घालू शकतं. त्याची किंमतही वेळेतच मोजावी लागते, पण ती दिल्लीपेक्षा कमी. नकाशावरची अशी एखादी बंद चौकट विमानातल्या माणसाला दिसत नाही. त्याला फक्त एवढंच कळतं की गेल्या वर्षी मुलगी पंधरा तासांत पोहोचली होती आणि आपल्याला सोळाहून जास्त लागले.

वळसा म्हणजे जादा इंधन, आणि इंधनाचं गणित सरळ नाही. बोइंग ७७७-३००ईआर या विमानाच्या टाक्यांत सुमारे १,८१,००० लिटर, म्हणजे जवळपास १४५ टन इंधन मावतं. पूर्ण भरलेलं विमान जास्तीत जास्त साडेतीनशे टनांचं असू शकतं. म्हणजे लांबच्या प्रवासाला निघताना एकूण वजनाचा तिसऱ्या हिश्शाहून अधिक भाग इंधनाचाच असू शकतो, आणि सुरुवातीच्या तासांत जळणारं बरंचसं इंधन नंतरच्या तासांचं इंधन वाहून नेण्यातच खर्ची पडतं. जड विमानाला एकदम उंच जाता येत नाही. ते आधी थोडं खाली उडतं, इंधन जळून हलकं झालं की टप्प्याटप्प्यानं वर चढतं. म्हणून प्रवास एक तास लांबला, की त्यासाठीचा इंधनखर्च तासाभराच्या खर्चाहून जास्त पडतो. कधी त्यासाठी मालाचं वजन उतरवावं लागतं, कधी सीटा रिकाम्या ठेवाव्या लागतात.

न थांबता एवढं अंतर कापणं ही अगदी अलीकडची गोष्ट आहे. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचं ‘मलबार प्रिन्सेस’ हे लॉकहीड कॉन्स्टेलेशन विमान मुंबईहून लंडनला निघालं, तेही कैरो आणि जिनिव्हा इथं थांबत. १४ मे १९६० ला बोइंग ७०७ विमानांनी न्यूयॉर्कची सेवा सुरू झाली, तीही लंडनमार्गे. न्यूयॉर्कच्या त्या विमानतळाला तेव्हा आयडलवाइल्ड म्हणत, केनेडींचं नाव त्याला १९६३ मध्ये मिळालं. त्यानंतर सत्तेचाळीस वर्षं एअर इंडियानं जाणारा मुंबईचा माणूस वाटेत कुठंतरी उतरूनच न्यूयॉर्कला जात राहिला. १ ऑगस्ट २००७ ला बोइंग ७७७-२००एलआर या खास लांब पल्ल्याच्या विमानानं एअर इंडियानं मुंबई–न्यूयॉर्क ही न थांबणारी सेवा सुरू केली, तेव्हा कुठं तिच्या प्रवाशांसाठी या बारा हजार पाचशे किलोमीटरांचा एकच सलग प्रवास झाला.

या झेपेमागे इंजिनांवरचा विश्वास आहे. ७०७ ला चार इंजिनं होती, ७७७ ला दोनच. अमेरिकेत १९५३ पासून नियम होता की दोन इंजिनांच्या विमानानं जवळच्या विमानतळापासून एका इंजिनावर साठ मिनिटांत पोहोचता येईल एवढ्याच अंतरात राहायचं. असं बंधन असेल तर महासागर ओलांडताना बेटाबेटानं वळसे घ्यावे लागतात. १९८५ मध्ये ही मर्यादा काही विमानांसाठी १२० मिनिटांवर आणि पुढे १८० मिनिटांवर नेली गेली. ७७७ हे विमान १९९५ साली सेवेत आलं ते १८० मिनिटांची परवानगी घेऊनच. इंजिनं जसजशी भरवशाची झाली, तसतशी वाट सरळ होत गेली. तरीही आइसलंडमधलं केफ्लाविक, कॅनडातली गूझ बे आणि गँडर ही नावं, अडचणीत उतरता येतील असे विमानतळ म्हणून, अटलांटिक ओलांडणाऱ्या विमानांच्या आराखड्यात आजही असतात. पुष्कळशा प्रवाशांना ती नावं कधी कळतही नाहीत, आणि ते चांगलंच आहे.

तिकिटावरची वेळ मात्र उड्डाणाची नसते. विमान फलाटापासून मागे ढकललं जातं त्या क्षणापासून ते दुसऱ्या टोकाच्या फलाटाशी थांबेपर्यंतचा तो वेळ असतो. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. रात्री दोन वाजताही तिच्यासाठी रांग असते. न्यूयॉर्कला चार धावपट्ट्या आहेत, पण त्या आकाशात आणखी दोन मोठ्या विमानतळांची गर्दी आहे. कंपन्या हा सगळा उशीर आधीच वेळापत्रकात मिसळून ठेवतात. म्हणूनच तासभर उशिरा सुटलेलं विमान कधी कधी वेळेवर पोहोचतं आणि प्रवासी वैमानिकाचं कौतुक करतात. सोळा तासांच्या या प्रवासात दोन नव्हे, चार वैमानिक असतात आणि ते आळीपाळीनं विश्रांती घेतात.

आता पुन्हा घड्याळाकडे. सूर्याच्या हिशेबानं मुंबई आणि न्यूयॉर्क यांच्यात ९ तास ४७ मिनिटांचा फरक आहे, कारण दोन शहरांमध्ये साधारण १४६.६ अंश रेखांशांचं अंतर आहे आणि एक अंश म्हणजे चार मिनिटं. साडेदहा आणि साडेनऊ हे दोन्ही आकडे माणसानं सोयीसाठी ठरवलेले. मुंबईला ही सोय लवकर पचनी पडली नाही. भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ ला आली, पण मुंबईनं तिच्याहून ३९ मिनिटं मागे असलेली आपली वेळ १९५५ पर्यंत जपली.

हिवाळ्यातल्या या विमानात आणखी एक गोष्ट घडते. पृथ्वीचा पृष्ठभाग विषुववृत्तावर ताशी सुमारे १,६७० किलोमीटर वेगानं पूर्वेकडे फिरतो. त्या वेगाशी प्रवासी विमान स्पर्धा करू शकत नाही. पण पासष्ट अंश अक्षांशावर हा वेग ताशी सव्वासातशे किलोमीटरांहूनही कमी असतो आणि विमान नऊशेनं पश्चिमेला जात असतं. तेवढ्या टप्प्यापुरतं ते पृथ्वीच्या फिरण्याला मागे टाकतं आणि सूर्योदयापासून दूर पळत राहतं. डिसेंबरात रात्री दोनला मुंबई सोडलेल्या माणसाला पंधरा-सोळा तास खिडकीत अंधारच दिसतो आणि न्यूयॉर्कला उतरता उतरता पहाट भेटते. शरीराच्या आतलं घड्याळ मात्र मुंबईतच असतं. ते रोज साधारण तासाभरानंच सरकतं, त्यामुळे नव्या दिवसाशी जुळायला आठवडाभर तरी लागतो.

याहूनही लांबचे प्रवास आज होतात. सिंगापूर ते न्यूयॉर्क हे सुमारे १५,३५० किलोमीटरांचं अंतर एअरबस ए३५० विमान अठरा तासांहून अधिक वेळ न थांबता उडून कापतं. ऑस्ट्रेलियाच्या क्वांटास कंपनीनं नोव्हेंबर २०१९ मध्ये मोजक्या माणसांना घेऊन लंडन ते सिडनी हे सुमारे १७,००० किलोमीटरांचं अंतर १९ तास १९ मिनिटांत चाचणी म्हणून उडून पाहिलं. पृथ्वीचा परिघ ४०,००० किलोमीटर असल्यामुळे कुठलीही दोन ठिकाणं एकमेकांपासून २०,००० किलोमीटरांहून दूर असूच शकत नाहीत. न्यूझीलंडमधल्या ऑकलंडच्या बरोबर पायाखाली, गोलाच्या पलीकडच्या बाजूला, दक्षिण स्पेन येतो. अशा दोन समोरासमोरच्या बिंदूंवर दोरा ताणून पाहा: तो कुठल्याही दिशेनं वळवला तरी लांबी सारखीच भरते. उद्या एखादं विमान तेवढी झेप घेऊ लागलं, तर त्याच्या डिस्पॅचरपुढे जवळची वाट कुठली हा प्रश्नच उरणार नाही. ऑकलंडहून उत्तरेला निघायचं की दक्षिणेला, पूर्वेला की पश्चिमेला, हे त्याला त्या रात्रीचा वारा आणि त्या दिवशी उघडी असलेली आकाशं पाहूनच ठरवावं लागेल.